बिनवासाचा डबा

माझ्या नवऱ्याचा स्वतःच्या नाकावर फार विश्वास होता. बांगडा आजचा की कालचा, दूध उतू गेलं की करपलं, दारातला माणूस वर्गणीला आलाय की गप्पा मारायला, हे सगळं आपल्याला वासावरून कळतं असं तो छातीठोकपणे सांगायचा. मी सदाशिव पेठेतली. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि मासा म्हणजे कॅलेंडरावरचा. त्यामुळे या विषयांत मी त्याच्या नाकाचं ऐकत आले.

हे नाक त्याला घरातून मिळालं होतं. त्याचं गाव कोकणात, खाडीकाठी. सासऱ्यांची लाकडी होडी होती, तिच्यातून ते माणसांना पलीकडच्या तीरावर सोडत. पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेच्या आधी, उघडीप बघून, तिला काजूच्या टरफलांचं काळं तेल चोपडायचं. त्या तेलाचा वास डोक्यात जातो आणि ते अंगाला लागलं तर कातडी भाजून निघते. म्हणून पोरांना होडीपासून लांब ठेवत. कुठवर? तर वास जाईपर्यंत. सासरे म्हणत, वास गेला की विष गेलं. त्या घरात हा नियम रॉकेलला, ढेकणांच्या औषधाला आणि भावकीतल्या भांडणालासुद्धा लागू होता.

आमचं लग्न मात्र त्याच्या नाकामुळे नाही, फुप्फुसांमुळे जमलं. मी केंद्र सरकारच्या नोकरीत नुकती दिल्लीला आले होते. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपली आणि मागून शंख वाजायला लागला. तो वाजतच राहिला. लोक प्रसादाला हात पुढे करून थांबलेले, गुरुजी थांबलेले, आणि शंख काही संपेना. एवढा श्वास पुरतो तरी कोणाला, हे बघायला मी वळले आणि तिथेच अडकले. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे मिटलेले, कान लाल झालेले. पुढे मी त्याला चिडवायची की मी तुझ्याशी नाही, तुझ्या भात्याशी लग्न केलंय. तो म्हणायचा, मग भाता जप.

बाजार खुला झाला आणि दिल्लीच्या कडेकडेने नवी उपनगरं उगवायला लागली. नवरा एका परदेशी कंपनीच्या नोएडातल्या ऑफिसात लागला आणि आम्ही तिथेच एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. तळमजला, मागे अंगण, बाजूला शटरचं गॅरेज. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर मी परत केलं. चुन्याच्या भिंती, खडखडणाऱ्या खिडक्या, पोपडे धरलेलं छत. किल्ल्या देताना मला जराही वाईट वाटलं नाही. नोएडातली सोसायटी तेव्हा अर्धीच बांधून झाली होती. उरलेले टॉवर डोक्यावर सळया घेऊन उभे होते आणि हवेत सतत सिमेंटची धूळ होती. कुणी खोकलं तर कुणी वळून बघत नसे.

आमच्याकडे गाडी नव्हती. रिकामं गॅरेज बघून नवऱ्याला होडी आठवली.

ओखल्याला यमुनेच्या काठावर होड्यांचा एक क्लब होता. त्यांनी मोडीत काढलेली फायबरची एक शिडाची होडी त्याने पैदा केली आणि टेम्पोत घालून घरी आणली. गेटवरच्या गार्डने विचारलं, "मैडम, स्विमिंग पूल बन रहा है क्या?" आमची मुलगी दिल्लीतच जन्मलेली आणि वाढलेली. तिला शीड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, सुकाणू तर नाहीच. तिने होडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाबा, याला ब्रेक कुठे आहे?" होडीचा रंग उडून खडूसारखा झाला होता, बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागायची. नवरा म्हणाला, नारळी पौर्णिमेला हिला पाण्यात घालायची. वर्षभर काळी असणारी यमुना तेव्हा वरून पाणी सुटल्यामुळे नदीसारखी दिसते. नारळ सोडायचा, त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे शंख वाजवायचा, आणि मग शीड उभारायचं.

हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौसेला अक्कल असावी असं मला वाटतं. एरवी साधा ऑइलपेंट आणून दोन हात मारले असते तर विषय संपला असता. पण परदेशी माल आता दुकानांत राजरोस मिळत होता आणि नवऱ्याला निवड करायची चटक लागली होती. आम्ही काश्मिरी गेटला, गाड्यांचे रंग मिळतात त्या गल्लीत गेलो. दुकानदाराने तीन नमुने पत्र्याच्या पट्ट्यांवर दाखवले. साधा रंग दिल्लीच्या उन्हात दोन वर्षांत पुन्हा खडू होणार. एका डब्यातला युरेथेन नावाचा रंग त्याहून बरा, ब्रशने सहज लागतो, पण जरा मऊ. आणि तिसरा दोन डब्यांतला युरेथेन: एका डब्यात रंग, दुसऱ्या लहान डब्यात त्याला घट्ट करणारं औषध, लावायच्या आधी मिसळायचं. ती पट्टी नवऱ्याने हातात घेतली. निळ्या रंगात त्याचा चेहरा दिसत होता, मिशीच्या केसांसकट. "शीशा है साहब, शीशा," दुकानदार म्हणाला. मला तिथेच कळलं की आता हा माझं ऐकणार नाही.

घरी आल्यावर लहान डब्यावरची बारीक अक्षरं मी मोठ्याने वाचली. सरकारी नोकरीत राहून मला बारीक अक्षरं आधी वाचायची सवय लागलेली. लिहिलं होतं की श्वासातून जाऊ देऊ नये, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लावावा, दम्याच्या माणसाने जवळ फिरकू नये.

"अरे, हे वाचलंस का?"

"अगं, ते त्यांच्या देशातल्या वकिलांसाठी असतं. तिकडे कॉफीच्या कपावरसुद्धा लिहितात, गरम आहे म्हणून."

मग त्याने आपल्या पद्धतीने परीक्षा घेतली. आधी थिनरचा डबा उघडला. त्याने नाक मुरडलं, मी पदर लावला, मुलगी "छी!" करून आत पळाली. "हे विष," तो म्हणाला. मग रंगाचा मोठा डबा. "हे मध्यम." शेवटी तो लहान डबा उघडला आणि नाकाजवळ धरला. आत मधासारखं पातळ, पिवळसर काहीतरी होतं. त्याने दोनदा हुंगलं आणि डबा माझ्याकडे दिला. मलाही काही वास आला नाही. "बघ," तो म्हणाला, "ह्यात काही नाही." थिनरचा डबा त्याने लांब अंगणात, पत्र्याखाली ठेवला. लहान डबा गॅरेजच्या फळीवर, मुलीच्या शाळेच्या जुन्या डब्यांशेजारी.

आषाढात काम सुरू झालं. पहिले रविवार घासण्यात गेले. होडी साबणाने धुतली, भेगांत पुट्टी भरली, पाणी मारत मारत बारीक पॉलिशपेपरने घासली, प्रायमर लावला आणि पुन्हा घासली. ते दिवस छान होते. नवरा कोकणातली गाणी गुणगुणत असे आणि मुलगी बादलीत हात घालून बसे. मग रंगाचा पहिला हात आला. मापाने मिसळून, थोडा वेळ तसाच ठेवून, आधी रोलरने पसरायचा आणि लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकेच सारखा करायचा. काम त्याला जमलं, पण समोरच्या टॉवरची धूळ ओल्या रंगावर येऊन बसली. वाळल्यावर हात फिरवला तर तांदळाच्या कण्या लागाव्या तसं लागे.

पुढच्या रविवारी त्याने शटर खाली ओढलं, झरोक्यावर आणि फटींवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं. आमच्या घरी झाडण्याआधी शिंपडतात तसं. धूळ बसली, पण त्या रंगाला ओल चालत नाही हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळी निळाई दुधाळ झाली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. पुन्हा घासणं आलं. आता त्याने हट्टच धरला. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडून फवारायचं पिस्तूल आणि कॉम्प्रेसर भाड्याने आणला, शटर बंद केलं आणि नाकातोंडाला ओला पंचा बांधून आत गेला. कॉम्प्रेसरची घरघर स्वयंपाकघरापर्यंत येत होती. मी मधूनमधून शटरवर थाप मारायची आणि तो आतून थाप मारून उत्तर द्यायचा. एकदा थाप यायला वेळ लागला, आणि माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

बाहेर आला तेव्हा त्याच्या पापण्या निळ्या झाल्या होत्या. हसत होता. शटर वर केल्यावर मी पाहिलं आणि खरं सांगते, मीही बघतच राहिले. होडी पाण्यात नसूनही ओली दिसत होती. पुढचे दोन रविवार त्याने तसेच हात दिले.

पहिल्या फवाऱ्याच्या संध्याकाळी तो खोकायला लागला. चहा पिताना, टीव्ही बघताना, कोरडा, टोचरा खोकला. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, म्हणाला. मी हळद-दूध दिलं, पाठीला तेल लावलं. सोमवारी तो ऑफिसला गेला आणि मंगळवारपर्यंत विसरूनही गेला. पुढच्या रविवारी संध्याकाळी पुन्हा तेच, जरा जास्त. शेजारणीने धूळ म्हटलं, ऑफिसात कुणी मौसम म्हटलं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. काम दुपारी संपायचं, थिनरचा वास तिन्हीसांजेपर्यंत उडून जायचा, आणि खोकला त्यानंतर यायचा. मी त्याला तसं म्हटलं.

"अगं, मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "वास गेल्यावर काय बाधणार?"

त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना, आणि मला भीती वाटत होती. दोन्ही एकदम. मी त्याला एक हात कमी दे म्हणून विनवलं, भांडलेसुद्धा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तो. शेवटचा हात दिला तेव्हाच थांबला.

नारळी पौर्णिमेला आम्ही होडी ओखल्याला नेली. यमुना गढूळ आणि भरलेली होती, कडेला जलपर्णी आणि फेस, मध्ये मात्र खरोखर नदी. क्लबातले लोक रंग बघायला गोळा झाले. "क्या फिनिश है यार," एक जण सारखा म्हणत होता. मी नारळाला हळदकुंकू लावलं, सोनेरी कागद गुंडाळला. नवऱ्याने गुडघाभर पाण्यात उतरून तो सोडला, मग शंख ओठांना लावला.

शंख वाजला आणि लगेच तुटला. त्याने पुन्हा श्वास घेतला. मला तो श्वास ऐकू आला, दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा बारीक शिट्टीचा. दुसऱ्यांदा नुसतीच हवा निघाली. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, पूर्ण वाजव ना!" तो हसला, काल फ्रिजचं पाणी प्यायलो म्हणाला, शंख माझ्या हातात दिला आणि होडीत चढला. शीड भरलं आणि ती निळी होडी सरळ रेघेत पलीकडे निघाली. इतका सुंदर तो मला परत कधी दिसला नाही. मी मात्र काठावर तो शंख छातीशी धरून उभी होते, आणि मला रडू येत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "संडे को क्या करते हैं आप?" नवऱ्याने होडीचं कौतुकाने सांगितलं. मी पर्समधून तो लहान डबा काढला. मी तो घेऊनच गेले होते. बाईंनी बारीक अक्षरं माझ्यासारखीच शेवटपर्यंत वाचली.

"इसमें तो कोई बास ही नहीं है," नवरा म्हणाला.

"यही तो मुश्किल है," त्या म्हणाल्या. "नाक को पता चले, उससे बहुत पहले फेफड़ों को पता चल जाता है."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीराने आता ही चीज ओळखून ठेवली आहे. एकदा ओळखली की विसरत नाही. पुढच्या वेळी पिस्तूल लागणार नाही, बंद गॅरेज लागणार नाही, हवेत किंचित असली तरी दम कोंडेल आणि त्यात जीवही जाऊ शकतो. इनहेलर लिहून दिला. इलाज एकच, यापासून लांब राहायचं, कायम. नवऱ्याने मान डोलावली. बाहेर आल्यावर पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाबांना काय सांगू?" सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

लांब राहणं सोपं वाटलं. होडी क्लबातच ठेवली, उरलेले डबे टाकून दिले, गॅरेज धुऊन काढलं. खोकला खरंच थांबला. गणपतीत मंडळाने शंख पुढे केला तेव्हा त्याने तो दुसऱ्या कुणाला दिला. मला वाईट वाटलं, पण भाता शाबूत होता, एवढं मला पुरे होतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण मला तेव्हा आठवायला हवी होती.

दिवाळी जवळ आली. सोसायटीतले नवे टॉवर पुरे झाले होते, आणि सगळ्यांना दिवाळीला गृहप्रवेश करायचा होता. ट्रकांतून प्लायवूड येत होतं, सुतार दिवसभर ठोकत होते. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब येणार होतं. त्या सकाळी मी चकल्या तळत होते आणि नवरा मागच्या अंगणात वर्तमानपत्र वाचत होता. सुट्टीचा दिवस, कोवळं ऊन. मला खोकला ऐकू आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी झारा तसाच टाकून धावले. तो खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभा होता, ओठ त्या होडीच्या रंगावर गेलेले. श्वास आत जात होता की नाही ते कळत नव्हतं, नुसती ती बारीक शिट्टी. इनहेलर दिला, पण तो ओढायलासुद्धा श्वास लागतो. त्याने माझा हात इतका घट्ट धरला की पुढे कित्येक दिवस वळ राहिले.

मुलीला रिक्षा आणायला पिटाळून मी वर धावले. दार लोटलं. आत दोन माणसं कपाटांच्या दारांवर पिस्तुलाने काहीतरी फवारत होती. दारं आरशासारखी चमकत होती. "बंद करो! अभी के अभी बंद करो!" मी ओरडले. त्यांतला एक माणूस घाबरून म्हणाला, "आंटी, पीयू पॉलिश है, सब खिड़की पैक करके कर रहे हैं। बास तो आपके यहाँ गई ही नहीं होगी।" त्याच्या पायाशी युरेथेनचे दोन डबे होते, एक मोठा आणि एक लहान.

इस्पितळात त्याला नळ्या लावल्या. मी आणि मुलगी बाकावर बसून राहिलो आणि आतून त्याचा श्वास ऐकू येतो का याचा कानोसा घेत राहिलो. काही दिवसांनी तो बोलायला लागला, मग चालायला लागला, आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला घरी सोडलं. ऑटोत तो मध्ये बसला, एका बाजूला मी, एका बाजूला मुलगी. मांडीवर औषधांची पिशवी. सोसायटीच्या गेटशी गार्डने ओळखून सलाम केला, "आ गए साहब, बढ़िया."

ऑटो आत वळणार एवढ्यात मी सहज वर पाहिलं. आमच्या वरच्या फ्लॅटचं काम मी थांबवलं होतं, त्या खिडक्या उघड्या होत्या. पण शेजारच्या टॉवरमध्ये, त्याच्या मागच्या टॉवरमध्ये, रस्त्यापलीकडच्या सोसायटीत, जिथे नजर जाईल तिथे खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. आमच्या गॅरेजच्या झरोक्याला होती तशीच. काही ठिकाणी कागदाचा कोपरा सुटून फडफडत होता. कितीतरी मजले अजून रिकामे होते, त्यांची कामं सुरूसुद्धा झाली नव्हती.

नवऱ्याने जुन्या सवयीने नाक वर करून हवा हुंगली.

"काही नाही गं," तो म्हणाला. "छान हवा आहे. कुणाच्या तरी घरी करंज्या चालल्यात."

"भैया," मी रिक्षावाल्याला म्हटलं, "गाड़ी मोड़ लो।"

"मैडम, आपका गेट तो यही है ना?"

"मोड़ लो. जल्दी।"

त्याने रिक्षा वळवली. मुलगी माझी बाही ओढत होती, "आई, घर तर आलं ना, उतर ना." नवराही आता वर बघत होता, त्या खिडक्यांकडे. मोठ्या रस्त्याला लागल्यावर रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, "कहाँ चलना है?" सरोजिनी नगर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या क्वार्टरच्या किल्ल्या मी कधीच परत केल्या होत्या.